पावसाळ्यात जलरंगाचा वॉश डागाळतो: दोष कागदाचा की हाताचा?

रंगपेटी (फोंडा) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ५२ असून गेल्या नोव्हेंबरपासून मी फावल्या वेळात जलरंग शिकत आहे. शाळा सुटल्यानंतर हातात ब्रश धरला नव्हता. त्यामुळे हिवाळ्यात आकाशाचा पहिला सलग वॉश (भरपूर पाणी घातलेल्या रंगाचा पातळ थर) कुठेही न फाटता कागदभर उतरला, तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. मे महिन्यापर्यंत बरी प्रगती होती. जूनमध्ये पाऊस लागला आणि सगळे बिघडले. घराच्या सोप्यावर बसून मी समोरच्या कुळागराचे (पोफळींच्या बागेचे) चित्र काढते; पोफळींच्या मागचे ढगाळ आभाळ ओल्यावर ओले, म्हणजे खालचा थर ओला असतानाच त्यात रंग सोडून, रंगवायचा प्रयत्न करते, पण दर वेळी त्यात फुलकोबीच्या कडेसारखे वेडेवाकडे डाग उमटतात. दुसरा थर दिला की खालचा उचलला जातो, आणि पोफळींचा हिरवा चिखलासारखा होतो. शिवाय काही कागदांवर टाचणीच्या डोक्याएवढे गडद ठिपके येतात, आणि ते कितीही रंग दिला तरी झाकले जात नाहीत. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) आहे आणि त्याच गठ्ठ्यातला आहे, रंग तेच आहेत. महागडा कागद घ्यावा, पावसाळाभर काम बंद ठेवावे, की माझीच पद्धत चुकते आहे? कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त चित्रकला शिक्षक (डिचोली) यांचे उत्तर

ताई, काम मुळीच बंद ठेवू नका. तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळे दोष एकत्र झाले आहेत, ते आधी सुटे करू.

ठिपक्यांचा दोष कागदाचा आहे. जलरंगाच्या कागदाला कारखान्यात खळ दिलेली असते, तिला सायझिंग म्हणतात. तिच्यामुळे रंग लगेच आत न शोषला जाता काही काळ पृष्ठभागावर राहतो आणि आपल्याला तो हलवायला अवधी मिळतो. दमट हवेत ही खळ जागोजागी मरते, आणि तेवढ्या जागी कागद टीपकागदासारखा वागतो. याची परीक्षा सोपी आहे. कागदाच्या कोपऱ्यावर नुसत्या पाण्याचा एक फटकारा मारा आणि डोळा कागदाच्या पातळीला आणून तिरक्या उजेडात पाहा. पाणी काचेसारखे चकाकत राहिले तर खळ शाबूत आहे. लगेच आत जाऊन कागद काळवंडला तर तो ताव जलरंगाच्या कामाचा उरलेला नाही. तो पेन्सिलीच्या सरावाला ठेवावा.

फुलकोबीसारखे डाग मात्र हाताचे आहेत, म्हणजे खरे तर वेळेचे आहेत. कागदावरचा थर अर्धवट वाळलेला असताना त्याच्यापेक्षा जास्त पाणी असलेला ब्रश त्यावर टेकला, की ते जास्तीचे पाणी आजूबाजूला पसरते, पसरताना रंगाचे कण पुढे ढकलत नेते आणि जिथे थांबते तिथे त्या कणांची कड सोडते. म्हणून ओल्या थरात घालायचा रंग नेहमी त्या थरापेक्षा कमी पाण्याचा, दाट असावा. हे तुम्ही हिवाळ्यात नकळत पाळत होता, कारण तेव्हा कागद लवकर वाळायचा आणि तुमचा दुसरा फटकारा एकतर पूर्ण ओल्यात पडायचा किंवा पूर्ण कोरड्यावर. पावसाळ्यात मधली अवस्था लांबते. आपल्याला वाटते, एवढा वेळ झाला म्हणजे वाळले असेल. कागद अजून ओलाच असतो. खालचा थर उचलला जातो तोही याच कारणाने.

हाताची मागची बाजू कागदाला लावून थंडावा जाणवतो का ते पाहावे, असे आपण सगळे शिकलो. तो थंडावा पाण्याच्या बाष्पीभवनाचा असतो. आषाढात हवाच पाण्याने भरलेली असल्यामुळे बाष्पीभवन मंदावते आणि ओला कागदही फारसा गार लागत नाही, म्हणून या दिवसांत हातापेक्षा डोळ्यावर विसंबावे. बोर्ड खिडकीकडे तिरपा धरून चकाकी पाहा. पाण्याचे तळे साचल्यासारखी चकाकी असेल तर रंग दूरवर धावेल. ती मावळून साटिनच्या कापडासारखी मंद झाली, की ढगांच्या कडा मऊ येण्याची वेळ झाली. चकाकी गेली पण कागद अजून गडद दिसतो आहे, तर हात मागे घ्या. सगळे डाग याच टप्प्यावर पडतात.

एक अभ्यास सांगतो, तो आठवडाभर करा. एका कागदावर सहा पट्ट्या आखा आणि सगळ्या एकाच वेळी एकाच फिक्या निळ्याने रंगवा. नंतर घड्याळ लावून दर ३ मिनिटांनी एकेका पट्टीत दाट निळ्याचा एक ठिपका सोडा, आणि प्रत्येक ठिपक्याखाली वेळ लिहा. वाळल्यावर जो नकाशा तयार होईल, तो तुमच्या सोप्याचा, तुमच्या कागदाचा आणि त्या दिवसाच्या हवेचा असेल. कोरड्या थंड प्रदेशातल्या शिक्षकाने व्हिडिओत सांगितलेली मिनिटे आपल्याकडे लागू पडत नाहीत.

मांडवीकाठ (पणजी) यांचे उत्तर

सरांनी सांगितलेल्या कागदाच्या परीक्षेत मी एवढीच भर घालेन की तुमचा गठ्ठा कुठे ठेवला होता ते तपासा. मी माझे कागद बाहेरच्या जांभ्याच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवले होते. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, हे आपल्याला ठाऊक असते. पण कागदाचा विचार करताना ते सुचत नाही. दोन वर्षांपूर्वी माझे वीस ताव त्यात गेले. आता मी ताव आल्याबरोबर प्लास्टिकच्या जाड पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट बंद करतो, आतल्या भिंतीलगतच्या मांडणीवर आडवे ठेवतो आणि एका वेळी एकच ताव बाहेर काढतो. पुड्या महिन्याभराने तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापरता येतात. फक्त तो तवा स्वयंपाकाला वापरू नये. विकत घेतानाही जपावे. एका दुकानातून मला बऱ्याच काळ पडून राहिलेला कागद नवा म्हणून मिळाला होता, आणि पहिल्याच वॉशमध्ये तो ठिपक्यांनी भरला. तेव्हापासून मी आधी एकच ताव घेऊन घरी परीक्षा करतो.

महाग कागदाविषयी माझे मत असे आहे की नवशिक्यानेच तो घ्यावा. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर पाणी असमान शोषले जाते आणि शिकणाऱ्याला आपली चूक कोणती व कागदाची कोणती हेच कळत नाही. शंभर टक्के सुती कागदाचा २२ बाय ३० इंचांचा एक पूर्ण ताव घेतला तर त्याचे साडेसात बाय अकरा इंचांचे आठ तुकडे होतात, आणि दोन्ही बाजू वापरल्या तर सोळा अभ्यास होतात. तसा हिशेब केला तर तो परवडतो.

पॅलेटही, म्हणजे रंग काढून ठेवायची झाकणाची थाळीही, सांभाळा. काम संपल्यावर ती ओली असतानाच झाकण लावले की चौथ्या दिवशी रंगांवर बुरशीची लव धरते. मी रात्रभर पॅलेट पंख्याखाली उघडे ठेवतो आणि सकाळी मिटतो.

जांभादगड (मडगाव) यांचे उत्तर

हिरव्याच्या चिखलाविषयी लिहितो. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. उदाहरणार्थ अल्ट्रामरीन या गडद निळ्यावर पीबी २९. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त संचातल्या तयार हिरव्यात बहुधा दोन-तीन द्रव्ये आधीच मिसळलेली असतात. त्यात तुम्ही आणखी दोन रंग घातले की कागदावर पाच द्रव्ये जमतात आणि उजेड खालच्या पांढऱ्यापर्यंत पोहोचून परत येऊ शकत नाही. तयार हिरवा बाजूला ठेवा. एक थंड (लिंबाकडे झुकणारा) पिवळा, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एवढ्यांवर महिनाभर काम करा. पिवळा आणि अल्ट्रामरीन यांचा हिरवा मुळातच थोडा दबलेला असतो, आणि पावसातली पोफळ तशीच दिसते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कमी-अधिक प्रमाणात मिसळले तर ढगांचा निळसर राखाडीही मिळतो आणि भिजलेल्या जांभ्याची सावलीही. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात व एक सुंदर दाणेदार पोत येतो. वॉश वारंवार ब्रशने घासला तर तो पोत मरतो. एकदा ब्रश फिरवल्यावर तिथे परत जाऊ नका.

पर्वरीहून एक वाचक

या चर्चेला धरून एक सुचवतो. गोव्यातल्या जुवें बेटावरच्या सांतो इस्तेव्हचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकले, आणि त्या परंपरेत रंगवलेला कागद वाळवून पुन्हा पाण्यात भिजवायचा आणि त्यावर वॉश द्यायचा, असे अनेकदा करतात. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आमच्या पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहे. मूळ चित्रे पाहण्याचा योग आला तर चेहऱ्यावरची सावली जवळून बघा: तिला कुठेही कड नाही. ती अनेक फिक्या थरांची आहे, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर दिलेला आहे. छापील चित्रात हे दिसत नाही.

रंगपेटी (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहीत आहे, कारण सरांनी सांगितलेला अभ्यास पूर्ण करूनच उत्तर द्यायचे ठरवले होते. माझे उरलेले अकरा ताव पाण्याच्या परीक्षेला लावले. त्यांपैकी सात नापास झाले, आणि ते नेमके भिंतीकडच्या बाजूचे होते. चांगल्या तावावर सहा पट्ट्या केल्या. मुसळधार पावसात सोप्यावर मंद चकाकी यायला १२ मिनिटे लागली, आणि १८ व्या मिनिटाच्या ठिपक्याने तोच फुलकोबीचा डाग दिला जो मी दोन महिने पाहत होते. आतल्या खोलीत पंखा लावून केले तेव्हा तीच मंद चकाकी ५ मिनिटांत आली. एक शंका उरली आहे: थर लवकर वाळवण्यासाठी हेअर ड्रायर वापरला तर चालेल का?

निवृत्त चित्रकला शिक्षक (डिचोली)

अभ्यास छान केलात. ड्रायर चालेल, पण चकाकी पूर्ण गेल्यावरच लावा. त्याआधी लावला तर हवेच्या झोताने पाणी एका बाजूला सरकते आणि तिथे कड पडते. कागदापासून हातभर दूर धरून सतत फिरवत राहा, आणि वाळल्यावर कागदाची ऊब जाईपर्यंत पाच मिनिटे थांबून मगच पुढचा थर द्या. त्या सहा पट्ट्यांचा कागद फेकू नका. तारीख घालून बोर्डाच्या मागे चिकटवून ठेवा, आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर पाऊस ओसरला की तसाच दुसरा करा.