इंकस्केपमध्ये खोडरबर मारला की अख्खं मोरपीसच गायब होतंय, काय करू?

रेडियमवाला_बार्शी
राम राम मंडळी. माझं रेडियम कटिंगचं, म्हणजे चिकटणाऱ्या शीटमधून गाड्यांवरची नावं कापायचं, छोटं दुकान आहे, आत्ताच चालू केलंय. आधी दुसऱ्याच्या दुकानात कोरल या विकतच्या डिझाइन सॉफ्टवेअरवर काम करायचो, आता स्वतःचं म्हणल्यावर तसंच इंकस्केप टाकलंय कारण फुकट आहे. तर झालं असं की एका पिकअपच्या मागच्या काचेसाठी "आईसाहेब" नाव आणि त्याच्या मागून आडवं मोरपीस अशी डिझाइन केली. पिसाच्या काड्या नावाच्या अक्षरांतून जात होत्या, तेवढ्याच खोडायच्या होत्या. इरेझर घेतला, नुसता टेकवला तर अख्खं पीसच गेलं. कंट्रोल झेड केलं, परत तेच. मग कंटाळून नावाच्या मागं एक पांढरा बॉक्स टाकला, स्क्रीनवर एकदम झकास दिसलं. प्लॉटरला, म्हणजे कटिंग मशीनला, पाठवलं तर त्यानं बॉक्सपण कापला, बॉक्सखालच्या काड्यापण कापल्या आणि वरनं नावपण कापलं, चिमट्यानं उचलायला गेलो तर सगळा भुगा. अडीच फूट रेडियम गेलं आणि गिऱ्हाईक दुकानात बसून चहा पीत बघतंय. खोडायचं कसं ते सांगा कुणीतरी.

कुंचला७७
प्लॉटरला रंग कळत नाही भाऊ, त्याला फक्त रेषा कळते. पांढरा काय आणि काळा काय. पाठवायच्या आधी कंट्रोल ५ दाबून आउटलाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे रंगाशिवाय नुसत्या रेषांत, बघत जा, तिथं जे दिसेल ते सगळं कापलं जाणार. परत कंट्रोल ५ दाबत राहिलात की नेहमीचा व्ह्यू येतो.

नोडनाना
गिऱ्हाईक चहा पितंय हे वाचून हसलो, माफ करा, आमचंही सुरुवातीला असंच झालेलं.

इरेझर घेतल्यावर वर जी पट्टी येते तिथे तीन मोड आहेत. तुमचा डिलीटवर आहे, त्यात ज्या ऑब्जेक्टला हात लागेल तो पूर्ण उडतो. दुसरा कट आउट, यात जिथून फिरवाल तेवढाच भाग खरोखर कापून जातो. तिसरा क्लिप, आणि हा तुमच्या धंद्यासाठी अजिबात नको, कारण क्लिपमध्ये खोडलेलं नुसतं झाकलं जातं, खालची रेषा जशीच्या तशी असते. फोटोबिटोवर ठीक आहे, पण प्लॉटरवर परत तुमच्या पांढऱ्या बॉक्सचीच गत.

पण खरं सांगू का, अक्षरांच्या कडेनं माउस धरून इरेझर फिरवण्यात काही अर्थ नाही, हात हलतो, कड वाकडी येते आणि नोड्सचा, म्हणजे रेषेवरच्या बिंदूंचा, नुसता ढीग लागतो, मग ब्लेड तिथं अडखळत चालतं. त्यापेक्षा नावानंच पीस कापा. नाव अजून टेक्स्ट असेल तर शिफ्ट कंट्रोल सी करून पाथ, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार, करा, ग्रुप सोडा, सगळी अक्षरं युनियन करून एक करा. मग त्याची कंट्रोल डी ने डुप्लिकेट काढा, हे विसरू नका, कारण वरचा ऑब्जेक्ट वस्तऱ्यासारखा वापरला जातो आणि कापून झाल्यावर तोच नाहीसा होतो. डुप्लिकेटला पाथ मेनूतून आउटसेट देऊन थोडं फुगवा म्हणजे नाव आणि पीस यात जरा फट राहील, एकदम चिकटून कापलं तर उचलताना दोन्ही सोबत येतात. आता डुप्लिकेट वर आणि पीस खाली ठेवून दोन्ही सिलेक्ट करा आणि डिफरन्स, म्हणजे कंट्रोल आणि वजाबाकीचं चिन्ह.

पिसाच्या काड्या भरीव आकार असतील तरच हे चालेल हां. नुसत्या रेघा असतील तर आधी स्ट्रोक टू पाथ करा. ते तसंही करावंच लागतं, नाहीतर कितीही जाड रेघ दिसली तरी प्लॉटर तिच्या मधोमध एकच चीर मारतो.

कोरलवाला
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? कोरलमध्ये व्हर्च्युअल सेगमेंट डिलीट आहे, दोन रेषांच्या मधला नको तो तुकडा क्लिक केला की गेला. किंवा सरळ ट्रिम. अर्ध्या मिनिटाचं काम.

नोडनाना
मान्य, ते टूल खरंच भारी आहे, इंकस्केपमध्ये तसं एका क्लिकवालं मला नाही सापडलं. पण टेक्स्टवर ते पण चालत नाही, आधी कंट्रोल क्यू करून टेक्स्टचे आकार करावेच लागतात. आणि ट्रिममध्ये शिफ्ट धरून सिलेक्ट करताना जो शेवटी सिलेक्ट केला तो कापला जातो, नवीन पोरं इथे हमखास उलटं करतात आणि नावालाच भोक पडतं. बाकी भाऊंनी फुकट आहे म्हणून इंकस्केप घेतलंय, लायसनचे पैसे तुम्ही देताय का?

कोरलवाला
😂 बरं राहिलं.

रेडियमवाला_बार्शी
नाना, जमलं! काड्या रेघाच होत्या, स्ट्रोक टू पाथ केलं मग डिफरन्स, पीस एकदम नीट कापलं. पण आता नवीनच भानगड, आउटलाइनमध्ये बघतोय तर "आईसाहेब"च्या वरच्या रेषेत प्रत्येक अक्षराच्या जोडावर बारीक बारीक उभ्या रेषा दिसतायत, आणि "हे"च्या वरच्या मात्रेत पण. हे कुठनं आलं? मी तर काय केलंच नाही.

अक्षरताई
युनियन फक्त डुप्लिकेटवर केलंत वाटतं, मूळ नाव तसंच राहिलं. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षरावर जरासं चढतं, मात्रा पण वरून येऊन बसते. वाचताना अखंड रेघ दिसते, पण आत ते सुटे आकार एकावर एक आहेत. त्या उभ्या रेषा म्हणजे हे चढलेले काठ. तशीच फाइल पाठवलीत तर काचेवर चिकटवताना शिरोरेषेचे तुकडे पडतील. मूळ नावाची सगळी अक्षरं सिलेक्ट करून कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबा, म्हणजे युनियन होईल. कोरलमध्ये यालाच वेल्ड म्हणतात. तिथे घाईत लोक वेल्डऐवजी कंबाइन करतात आणि जिथे अक्षरं चढलीयत तिथे पांढरी भोकं पडतात, लग्नपत्रिकांवर ही भोकं मी शेकड्यानं पाहिलीयत. एकदा दिसायला लागली की मग मजकूर वाचवतच नाही.

आणि हो, पाथ करायच्या आधी स्पेलिंग तपासा. एकदा पाथ झालं की ऱ्हस्व दीर्घ बदलता येत नाही, परत टाइप करावं लागतं. मी टेक्स्टची एक कॉपी पानाच्या बाहेर ठेवते, फक्त कटिंगला पाठवताना ती फाइलमधून काढते.

रेडियमवाला_बार्शी
ताई, झालं. शिरोरेषा एकसंध आली, आउटलाइनमध्ये एकपण फालतू रेघ नाही. आत्ताच कापून काचेवर चढवलं, गिऱ्हाईक खूश, दीडशे रुपये कमी देऊन गेलं ती गोष्ट वेगळी. पानाबाहेरच्या कॉपीचं मात्र वेळेत सांगितलंत, मी पण तशी ठेवली होती आणि प्लॉटर तिकडंच निघाला होता.