इद्दत म्हणजे सुतक?

प्रश्न : एका अनुवादात वाचलं, ‘तलाकनंतर तिने सुतक पाळलं.’ मूळ शब्द इद्दत. तलाकनंतर सुतक कसलं? मराठीत काय म्हणावं?

उत्तर : सुतक तर नक्कीच नाही. सुतक घराला लागतं, त्यात विटाळाची कल्पना आहे. इद्दत फक्त त्या बाईची, आणि शब्दात ना विटाळ ना शोक. अरबीत ‘अद्द’ म्हणजे मोजणं. उर्दू-हिंदीतला ‘तादाद’ त्याच धातूचा. इद्दत म्हणजे मोजून काढायचा काळ. तो संपेपर्यंत दुसरा निकाह नाही. नवरा वारला तर चार चांद्र महिने दहा दिवस, गरोदर असेल तर प्रसूतीपर्यंत. शरीरसंबंधच आला नसेल तर तलाकनंतर इद्दत मुळीच नाही (कुराण ३३:४९). विधवेला मात्र तेव्हाही आहे.

दुसरं मत : पण विधवा साजशृंगार, अत्तर टाळते. हा शोकच झाला ना?

उत्तर : झाला, पण त्याचं नाव वेगळं : हिदाद. आपल्या ‘हद्द’चं हे सख्खं भावंड, मूळ अर्थ अटकाव. विधवेच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी चालतात, म्हणून गल्लत होते. रजई, म्हणजे नवऱ्याला परत घेता येण्याजोग्या तलाकात इद्दत असते, हिदाद नसतो.

खरी गंमत तलाकच्या इद्दतीत आहे. कुराणात (२:२२८) ‘तीन कुरू’ म्हटलंय, आणि ‘कुर’ हा अरबीतल्या त्या खट्याळ शब्दांपैकी, ज्यांचे दोन अर्थ एकमेकांच्या उलट असतात : मासिक पाळी, किंवा दोन पाळ्यांमधले शुद्धीचे दिवस. इस्लामी कायद्याच्या पंथांपैकी हनफींनी पहिला घेतला, शाफई आणि मालिकींनी दुसरा. त्यामुळे एकाच दिवशी तलाक मिळालेल्या दोघींपैकी शाफई किंवा मालिकी बाईची इद्दत तिसरी पाळी सुरू होताच संपते, हनफी बाईची ती पाळी उलटल्यावर. शब्दकोशातला वाद निकाहाच्या तारखेपर्यंत पोचतो!

प्रश्नकर्ता : लिंग कोणतं? आणि मुदत-इद्दत एकाच घरातले का?

उत्तर : नाही, यमक तेवढं जुळतं, मुदतीचा धातू ‘मद्द’, म्हणजे ताणणं. चालवायचा मात्र मुदतीसारखाच, स्त्रीलिंगी : इद्दतीत, इद्दतीचा. ‘प्रतीक्षाकाल’ चुकीचा नाही, पण प्रतीक्षा कोणाची हा प्रश्न उगाच उभा राहतो. मी इद्दतच ठेवीन.

प्रश्नकर्ता : मग ‘तिने तीन महिन्यांची इद्दत पूर्ण केली’ असं करतो.

उत्तर : ‘तीन महिने’ काढा. ते पाळी न येणाऱ्या स्त्रीसाठी आहेत (६५:४).