मदत हवी आहे: टाचेच्या दुखण्यावर पीआरपी कुणी घेतलंय का?

नमस्कार मंडळी. आईच्या उजव्या टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, बरेच महिने दुखतेय. सकाळी पहिली चार पावलं भिंत धरून टाकते, जिना एका बाजूला वळून एकेक पायरी करत उतरते. बघवत नाही. सोनोग्राफीत टेंडन जाड झालेलं दिसलं, फाटलेलं नाही. डॉक्टर पीआरपी सुचवतायत: तिचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवायचं आणि प्लेटलेट्स जास्त असलेला भाग दुखऱ्या जागी टोचायचा.

पण २०२१ साली ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर झालेला अभ्यास वाचला. याच दुखण्यात सहा महिन्यांनी पीआरपी घेतलेले आणि नुसती सुई टोचलेले यांच्यात फरक दिसला नाही. खर्चही थोडाथोडका नाही, म्हणून जीव अडकलाय.

पायरीच्या कडेला उभं राहून टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम आधी नेटाने तीन महिने करावा, असं मला वाटतं. कुणाला त्याने आराम पडला का? पीआरपी घेतलेल्यांनी सांगा, नंतर किती दिवस चालणं अवघड गेलं? पेनकिलर बंद ठेवायला सांगितल्या होत्या का? पुण्यात टेंडनचं काम नीट जाणणारे फिजिओ माहीत असतील तर कृपया कळवा.