पंपरूममध्ये माझी गोधडी सापडली

रहिवासी ग्रुप (फक्त कामाचे मेसेज), ठाणे पश्चिम. शनिवार, सकाळी ७.४२

मेधा ए-४०२: सुप्रभात वगैरे नंतर. माझी लाल खणाची गोधडी पंपरूममध्ये मोटरखाली कोणी घातली? क्लबहाऊसच्या कपाटात होती ती. आत्ता दूध आणायला खाली उतरले तर तेलकट पाण्यात लोळा होऊन पडलेली.

सुलभाकाकू बी-३०४: अगं बाई. ती २०२० ची? तुझी पहिली?

मेधा ए-४०२: हो काकू, तीच.

सेक्रेटरी: नमस्कार. झाले ते वाईट झाले. तथापि गणपतीचे मखर आणि लायटिंग ठेवायला ते कपाट रिकामे हवे, हे मी जूनपासून सांगतोय. गोधडी गटाच्या ११ गोधड्या आत पडून आहेत. उद्यापर्यंत नेल्या नाहीत तर भंगारात जातील.

नितीन ए-१०३: भंगारवाला तरी घेईल का, आधी विचारून घ्या 😀

वैशाली बी-२०२: नितीन, तुझ्या पार्किंगमधलं जिम सायकलचं धूड घेतलं का त्याने?

जोशीकाका ए-२०१: मूळ प्रश्न असा आहे की कपाट सोसायटीचे की गोधडी गटाचे? ठराव झाला होता का?

स्मिता बी-५०३: खरं सांगू का, माझी मलाच घरात नकोय. पाहुणे आले की लपवावी लागते. सगळ्या वृद्धाश्रमाला देऊन टाकू या ना. पुण्य तरी.

सुलभाकाकू बी-३०४: आपल्याला लाज वाटते ती वस्तू दुसऱ्याच्या अंगावर घालायची? तुझ्या काठाची जर टोचते, स्मिता. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते. द्यायचीच तर नवी धड शिवून द्या.

स्मिता बी-५०३: ठीक आहे काकू. सुचवलं फक्त.

नितीन ए-१०३: तसंही ठाण्यात गोधडी लागते किती दिवस? जानेवारीत येऊरकडून वारा सुटला तर चार रात्री. बाकी वर्षभर पंखा पाचवर.

वैशाली बी-२०२: कापून पायपुसणी करू या का? प्रत्येक मजल्यावर एक.

सुलभाकाकू बी-३०४: मंगळवारी बघायला गेले होते, ऑफिसात चावीच नव्हती. पण मला सगळ्या पाठ आहेत, मीच शिकवलंय. स्मिताची नायलॉनची आहे, नायलॉन पाणी पीत नाही, पायपुसणं करून काय उपयोग? तिचं अस्तर सुती. धुतल्यावर ते आटलं, साडी होती तेवढीच राहिली, म्हणून ते फुगे आलेत. ते उसवून जाणार नाहीत. गादीखाली घाल सरळ. वैशाली, तुझी सुती आहे, कापता येईल. पण कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी आधी मशीन मार, मगच कात्री. नाहीतर हाताचा धावदोरा दोन्हीकडून सुटत जाईल.

वैशाली बी-२०२: माझ्या मधल्या चुण्यांचं काय?

सुलभाकाकू बी-३०४: त्या तशाच राहणार. मधून बाहेर टाके घालत जा, असं घसा फोडून सांगत होते. तू चारही कडांनी आत आलीस.

वैशाली बी-२०२: काकू, कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेकडूनच सुरू करून मध्यावर आणतात.

सुलभाकाकू बी-३०४: त्या एकेक तुकडा दुमडून ठेवत, शिवत आत जातात. तू अख्खं पातळ ताणून बसली होतीस. आणि त्या चारही कोपऱ्यांना 'फुला' लावतात, घडी घातलेले छोटे तुकडे. फुला नसली तर कवंदीला नागडी म्हणतात.

नितीन ए-१०३: म्हणजे आपल्या कपाटात अकरा नागड्या.

सेक्रेटरी: कृपया भाषा जपावी. ग्रुपवर लहान मुलेही आहेत.

बी-७०२: एक मिनिट. मोटर गळतेय?? म्हणून सातव्यावर कालपासून पाणी नाही? हे कोणी सांगणार होतं का?

सेक्रेटरी: प्लंबर ११ वाजता येतोय. वेगळा मेसेज टाकतो.

बी-७०२: गोधडी सापडली नसती तर टाकला असता का?

जोशीकाका ए-२०१: पुन्हा सांगतो. मूळ प्रश्न, कपाट सोसायटीचे की गोधडी गटाचे?

मेधा ए-४०२: काका, कपाट घ्या तुम्ही. ती गोधडी खराब होती हे मलाही माहीत आहे. खण न धुता लावला, पांढऱ्या पंचावर लाल उतरलं. मीठ घातलेल्या पाण्यात भिजवली तरी उतरलंच.

सुलभाकाकू बी-३०४: विकतच्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही गं.

मेधा ए-४०२: आता कळतं. पण एका कोपऱ्यात बघा, टाके बोटभर लांब आहेत, आणि समोरच्या कोपऱ्याला पोचेपर्यंत तांदळाएवढे. मधला हिरवा तुकडा सासूबाईंच्या लुगड्याचा. घरी ठेवायला जागा नाही म्हणून कपाटात ठेवली, टाकली नव्हती.

स्मिता बी-५०३: मेधाताई, सॉरी. मी आपल्या सगळ्यांच्या भंगारच म्हणत होते.

सेक्रेटरी: सिक्युरिटीकडे चौकशी केली. गुरुवारी रात्री मोटर गळायला लागली. वॉचमन मामा पोते शोधत होते. ते म्हणतात की जोशीकाकांनी कपाट उघडून गोधडी काढून दिली.

नितीन ए-१०३: 👀

वैशाली बी-२०२: चावी!!

जोशीकाका ए-२०१: रात्रीचा १ वाजला होता. पाणी वायरपर्यंत चालले होते. हाताला लागेल ते दिले. सोसायटीच्या कपाटातले म्हणून सोसायटीचे समजलो. म्हणूनच तर विचारत होतो.

मेधा ए-४०२: अकरांतली तीच लागली का काका हाताला?

जोशीकाका ए-२०१: सर्वात वर होती. नायलॉनची असती तर उपयोग झाला नसता, हे आत्ता सुलभाताईंमुळे कळले. हिने मात्र सगळे पाणी टिपून घेतले.

सुलभाकाकू बी-३०४: मेधा, भांड्याचा साबण लावून तेल काढ. मोठ्या टबात, भरपूर पाण्यात. पाणी बदलत राहा आणि डाग जाईपर्यंत वाळू देऊ नकोस. उन्हात तर मुळीच नको.

मेधा ए-४०२: घातली टबात. आधी काळं पाणी निघालं, आता लाल निघतंय. अजूनही!

सुलभाकाकू बी-३०४: निघू दे. संध्याकाळी येते मी बघायला. कपाटातल्या बाकीच्याही खाली आणा, गच्चीत पसरून बघू.

सेक्रेटरी: उत्तम. जोशीकाका, चावी ऑफिसात जमा करावी.

जोशीकाका ए-२०१: शोधतोय.