फोनवर ठरलं होतं! डिस्पॅचरशी झालेलं बोलणं जपून ठेवण्याचे अनुभव

गेल्या महिन्यात उशिराचा ठपका माझ्यावर आला. कुठला ट्रक कुठे, कधी जायचा ते ऑफिसातून ठरवणारा डिस्पॅचर फोनवर म्हणाला होता, "सहाऐवजी नऊला पोच, मी पार्टीशी बोललोय." नऊला गेलो तर पार्टी सहापासून खोळंबलेली. नंतर साहेब म्हणाले, "मी असं बोललोच नाही." माझ्याकडे पुरावा काय, तर कॉलची वेळ आणि लांबी. आतलं बोलणं हवेत गेलं.
स्टिअरिंगवरच्या मंडळींनो, तुम्ही काय करता? फायदा झाला की अंगाशी आलं, दोन्ही सांगा.

टँकरवाला
फोन ठेवला की गाडी बाजूला घेऊन एक ओळ पाठवायची: "आत्ता बोलल्याप्रमाणे नऊला पोचतो, सहाची वेळ रद्द. चुकत असेल तर कळवा." शेवटचं वाक्य गाळू नका. समोरचा गप्प बसला, तरी त्याला दुरुस्त करायची संधी दिली होती हे दिसतं. (चालत्या गाडीत टाइप करू नका, हे सांगायला नकोच.)

रात्रपाळी
माझं भांडण कायम थांबण्याच्या पैशांवरून. गाडी खाली व्हायला सात तास लागले आणि ऑफिस म्हणतं दोनच. आता गेटवर आत शिरल्याची वेळ, डॉक (माल उतरवायची जागा) नंबर आणि बाहेर पडल्याची वेळ पोचपावतीवर लिहून घेतो. पहारेकऱ्याने सही नाकारली तर तिथूनच डिस्पॅचरला मेसेज: "7:10 ला आत, डॉक अजून मिळाला नाही." दर तासाला एक. चौथ्या मेसेजनंतर त्याचाच फोन आला, गोदामवाल्याशी तोच भांडला!

लांब पल्ला
मी अमेरिकेत चालवतो. इथे सलग 10 तास विश्रांतीनंतर कामाला लागलं की 14 तासांच्या आत जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते. एकदा डिस्पॅचर म्हणाला, "अजून दोन तास ओढ, नाहीतर पुढचा लोड विसर." मी लिहिलं, "10 तास 40 मिनिटं झाली. पुढे गेलो तर 11 तासांची मर्यादा मोडेल, म्हणून थांबतोय." त्यानंतरचा सूर एकदम मवाळ.
चालकावर अशी जबरदस्ती करायला बंदी घालणारा नियम इथे 2016 पासून लागू आहे. पण त्यात मेख आहे: पुढे गेल्यास नियम मोडेल, हे चालकाने समोरच्याला सांगितलेलं असावं लागतं. नुसतं मनात कुढून उपयोग नाही. म्हणजे त्याची मागणी आणि माझा नकार, कारणासकट, दोन्ही हाताशी हवेत. लेखी तक्रारीला मुदत 90 दिवसांची. तासांच्या नोंदी कंपनीने सहा महिने ठेवायच्या असतात, त्यामुळे वर्षभराने जाग आली तर कठीण.
आणखी एक, कंपनीच्या टॅबलेटवरचे मेसेज आपले नसतात. नोकरी सुटली की लॉगिन बंद. मी स्क्रीनचा फोटो स्वतःच्या फोनने काढतो.

नवशिका
मी स्क्रीनशॉट काढले, पण नीट दिसावेत म्हणून कापले. तारीखच उडाली. हसू नका.

पूर्वी डिस्पॅचर
दुसरी बाजू ऐका. एका वेळी तीस गाड्या सांभाळायचो, कुणाला काय बोललो ते खरंच विसरायचो. प्रत्येक वेळी लबाडी नसते. पण कबूल करतो, काही गोष्टी मुद्दाम फोनवरच सांगायचो. लेखी नकार आला की तो वर दाखवावा लागे, म्हणून दुसरी गाडी शोधायचो. मात्र पानभर आरोप पाठवणाऱ्याचं कुणी वाचत नाही. वेळ, ठिकाण, काय ठरलं, बास.

टँकरवाला
कॉल रेकॉर्ड करणाऱ्यांनी जपून. काही ठिकाणी एकाची संमती पुरते, काही ठिकाणी सगळ्यांची लागते. आमच्या एका सोबत्याने न विचारता रेकॉर्ड केलं आणि मूळ तक्रार बाजूला राहून त्याचीच चौकशी लागली.

धागाकर्ता
टँकरवाल्यांची ओळ आज वापरली. उत्तरात नुसता अंगठा आलाय. जुन्या काळी अंगठा म्हणजे सहीच असायची. हा धरायचा का?