वूडू म्हणजे खरंच भानामती का? मावशीच्या अंगात येतं त्यावरून विचारायलेय

औशाची_लेक:
नमस्कार, मी औसा तालुक्यातली, सध्या पुण्यात असते. माझ्या मावशीच्या अंगात येडाई येते, मला कळतं तेव्हापासून बघत आलेय. परवा नवरात्रात तिला वारं आलं तर घरातल्याच पोरांनी मोबाईलवर शूटिंग काढलं आणि सुया टोचलेल्या बाहुलीचं चित्र लावून "आमची वूडू आजी" असं लिहून स्टेटसला टाकलं. मावशीनं विचारलं वूडू काय असतंय रे, तर पोरगं म्हणालं आफ्रिकेतली भानामती. ती त्या रात्री जेवली नाही. तिनं कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, बायका तिच्यापाशी येऊन रडतात, ती हळदकुंकू लावते, डोक्यावर हात ठेवते, बस. मला पोरांचा लई राग आला पण उत्तर देता आलं नाही कारण मलाच माहीत नाही. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

परभणीचा_काजूवाला:
ताई, मी काजूच्या धंद्यात पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात, कोटोनू शहरात चार वर्षं होतो त्यामुळं डोळ्यानं बघितलेलं सांगतो. तिकडच्या 'फोन' नावाच्या भाषेत वोडून म्हणजे देवता, शक्ती. आणि हा त्यांचा धर्म आहे, दर जानेवारीत त्याची राष्ट्रीय सुट्टी असते, विदा नावाच्या गावात समुद्राकाठी मोठी जत्रा भरते, याच किनाऱ्यावरून गुलामांना जहाजात कोंबून नेलं होतं. एगुनगुन म्हणून असतात, म्हणजे पूर्वजच, कापडाच्या थरावर थर घातलेले, तोंड दिसत नाही, नाचत येतात आणि लोक मागं सरकतात, त्या कापडाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपला पोतराज आठवला, वेगळं आहे पण छातीत धडधड तशीच.
आणखी एक, साक्पाता म्हणून त्यांचा देव आहे, जमिनीचा आणि देवीच्या रोगाचा. आपण त्या रोगालाच देवी म्हणायचो की! मरीआई, शीतळा असल्या देवता मानणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. बाहुली आणि सुया मात्र मला चार वर्षांत कुठं दिसल्या नाहीत.

मास्तर_उदगीर:
बाहुलीचं मी सांगतो. बाहुलीत टाचण्या टोचणं हे युरोपातल्या चेटुकाचं, ते वूडूच्या गळ्यात बांधलं ते अमेरिकेनं. कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशावर 1915 ते 1934 अमेरिकी सैन्याचा कब्जा होता, त्या काळात भुतंखेतं, झोंबी असल्या कहाण्या तिकडं पोचल्या आणि हॉलिवूडनं उचलल्या. खरी गोष्ट अशी की पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून हैतीत आणलेल्या माणसांनी आपले देव सोबत नेले, फ्रेंच मालक कॅथलिक व्हा म्हणायचे म्हणून संतांच्या तसबिरीमागं आपले देव पुजले. 1791 च्या ऑगस्टमध्ये ब्वा काइमान इथं रात्री पूजा झाली, बंडाचा पुढारी बुकमन आणि सेसिल फातिमान ही पुजारीण त्यात होते असं तिथं सांगतात, त्यानंतर जे बंड पेटलं त्यातून 1 जानेवारी 1804 ला हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी लढून मिळवलेला देश! आणि त्याच धर्माला सरकारी मान्यता मिळायला 2003 उजाडलं.
त्यांच्यात देवतांना ल्वा म्हणतात. ज्याच्या अंगात ल्वा येतो तो त्याचा घोडा. आणि माणूस मेल्यावर एक वर्ष न् एक दिवस त्याचा आत्मा पाण्याखाली असतो, मग विधी करून त्याला वर आणून मातीच्या मडक्यात बसवतात. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं मातीचा घडा भरणाऱ्या आपल्या लोकांनी याला भानामती म्हणावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सिस्टर_नांदेड:
मी नर्स आहे, वीस वर्षं झाली. वरचं सगळं पटलं, पण एक बोलते, राग मानू नका. हैतीतही झाडपाल्याचे वैद्य आहेत, पान-डॉक्टर म्हणतात त्यांना, आणि जिथं दवाखानाच नाही तिथं तेच आधार असतात. पण 2010 मध्ये कॉलरा आला तेव्हा लोकांनी वूडूच्या पुजाऱ्यांनीच रोग पसरवला म्हणत कित्येकांना ठेचून मारलं. म्हणजे ज्यांच्याकडं बरं व्हायला जायचे त्यांनाच. आपल्या मराठवाड्यात भानामतीच्या संशयावरून बायकांना मारहाण झालेली आहे, म्हणून तो शब्द पोरांनी मस्करीत वापरणं मला भीतीचं वाटतं. ते स्टेटस आधी काढायला लावा.
आणि मावशीला सांगा, मन हलकं करायला येणाऱ्या बायकांना जरूर हात ठेव, पण साप चावलेलं, ताप उतरत नसलेलं कुणी आलं तर थेट दवाखान्यात पाठव. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र घालणं गुन्हा आहे.

औशाची_लेक:
सगळ्यांचे आभार. सिस्टर, मावशी आधीपासून दवाखान्यातच पाठवते, तिच्या स्वतःच्या शुगरच्या गोळ्या चालू आहेत. स्टेटस काढलं. काल फोनवर तिला सगळं वाचून दाखवलं, मडक्याचं ऐकून गप्प झाली एकदम. मग म्हणाली, त्या लोकांना वारं आल्यावर पायावर पाणी कोण घालतंय गं? काजूवाले दादा, तुम्ही बघितलंय का, असं काही करतात का तिकडं? ती रोज विचारायलीय.