आईचं मंगळसूत्र ओढणारा पुन्हा पकडला गेलाय. या वेळी तरी त्याची आधीची शिक्षा न्यायाधीशांपुढे कशी आणायची?

मृणाल, कर्वेनगर

२०२३ च्या दिवाळीआधी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आईचं मंगळसूत्र ओढलं. ती दूध घेऊन येत होती, मागून मोटारसायकल आली. काळे मणी रस्ताभर सांडले, ते आम्ही मोबाइलच्या उजेडात वेचले. एक वाटी ब्लाउजमध्ये अडकून राहिली, दुसरी गेली. मानेवर आडवा वळ उठला होता.

पोरगा सापडला. आई येरवड्याला ओळख परेडला गेली. सत्तरी उलटलेली बाई, बीपीची गोळी घेऊन गेली आणि रांगेतल्या त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाली, हाच. मुद्देमाल म्हणून परत मिळाली ती सोन्याची एवढीशी लगड. वाटी केव्हाच वितळवून झाली होती.

पुढे त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. शिक्षा? तोवर जेवढा आत बसला होता तेवढीच. त्याच दिवशी सुटला. जबरी चोरीचं कलम ३९२, दहा वर्षांपर्यंतची तरतूद! आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही. निकालाची नक्कल मी मागाहून काढली. जेमतेम दीड पान. त्यात लिहिलंय की आरोपी तरुण आहे, घरचा कर्ता आहे, आणि त्याला पूर्वी शिक्षा झाल्याचं सरकार पक्षाने दाखवलेलं नाही. अहो, तपासातल्या हवालदारांनीच मला सांगितलं होतं की दोन चोऱ्यांत त्याला आधी शिक्षा झालीय. ते वाक्य वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आता वारज्यात एका बाईंची चेन ओढताना तोच पकडला गेलाय. त्याला जन्मभर सडवा असं मी म्हणत नाही. शिक्षा ठरवणाऱ्याला समोर कोण उभा आहे ते माहीत असावं, एवढं तरी मागायचा हक्क आहे ना आम्हाला? जुन्या शिक्षेविरुद्ध अपील करता येईल का? आणि या नव्या केसमध्ये मी तिऱ्हाईत असले तरी काय करू शकते?

वकीलकाका

मृणालताई, शिक्षा कमी झाली म्हणून फिर्यादीला अपील करता येत नाही. आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, या तीनच कारणांसाठी पीडिताला अपील आहे. शिक्षा वाढवून मागायचा अधिकार सरकारचा. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये हेच स्पष्ट केलंय. तिथे शक्ती घालवू नका.

नव्या केसचं बघा. पोलिसांच्या लेखी 'सराईत' म्हणजे ज्याच्यावर बरेच गुन्हे दाखल आहेत तो. वाढीव शिक्षेसाठी कायदा दाखल गुन्हे मोजत नाही, आधी दोषी ठरला होता का ते बघतो. मालमत्तेच्या अशा गुन्ह्यात आधी शिक्षा झालेली असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३ लावता येतं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं (भादंवि) ७५. जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. पण ती आधीची शिक्षा तारीख आणि कोर्टासकट दोषारोपात लिहावी लागते. राहिली असेल तर शिक्षा सुनावेपर्यंत घालता येते. घोडं नेमकं इथेच पेंड खातं. जुना निकाल दुसऱ्याच कोर्टात पडलेला असतो, तपास अधिकारी बदललेले असतात, नक्कल कुणी काढत नाही. शिवाय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांवर शिक्षा देताच येत नाही. जास्त हवी तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. सरकारी वकील गप्प राहिले तर ते पाठवणार कशाच्या जोरावर?

तुमच्या हातातलं ते दीड पान आता आधीच्या शिक्षेचा पुरावा आहे. अर्ज लिहा, नक्कल जोडा, वारज्याच्या तपास अधिकाऱ्यांना आणि त्या कोर्टातल्या सरकारी वकिलांना द्या. हवालदारांनी सांगितलेल्या दोन चोऱ्यांचे केस नंबर मिळाले तर तेही लिहा.

निवृत्त जमादार

वकीलसाहेब बरोबर बोलले. माझी एक भर. नव्या कायद्यात नुसतं हिसकावणं म्हणजे कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत. हिसकावताना इजा केली तर ती जबरी चोरी, कलम ३०९, दहा वर्षांपर्यंत. वारज्याच्या बाईंचं मेडिकल झालं का, ते आधी विचारा. नोकरीत हे फार पाहिलं. बाई म्हणते, काही नाही, ओरखडा आहे. ठाण्यातही कुणी आग्रह धरत नाही. दोन दिवसांत वळ जातो आणि त्याच्याबरोबर कलमही जातं.

बिबवेवाडीचा मास्तर

ताई, तुमचा राग मला कळतो, पण माझा मुद्दा वेगळा आहे. रात्रशाळेत शिकवताना अशा वाटेला लागलेली दोन-तीन पोरं मी जवळून पाहिली. आत जाताना मोबाइल चोर होती, बाहेर आली ती टोळीचे नंबर पाठ करून. नुसती वर्षं वाढवून ती सुधारतील असं मला वाटत नाही. आणि वाटी वितळवली कोणी? चोरीचा माल घ्यायची ज्याला सवयच आहे, त्यालाही जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्याचं नाव चार्जशीटमध्ये होतं का?

मृणाल, कर्वेनगर

नाव होतं, साक्षीदारांच्या यादीत! 'आईच्या आजारपणासाठी विकायला आला होता, मला शंका आली नाही' असा त्याचा जबाब आहे. हे मला तेव्हा खटकलंच नव्हतं. अर्जात तेही लिहिते.

मास्तर, पोरं आत बिघडतात हे मान्य. पण ज्या बाईचा गळा ओढला जातो तिने कुठे जायचं? आई अजून संध्याकाळी एकटी खाली उतरत नाही.

जमादारकाका, वारज्याच्या बाईंचा पत्ता ओळखीतून लागलाय. उद्या सकाळीच जातेय. आईसुद्धा येते म्हणतेय, मेडिकलचं तीच त्यांना समजावणार आहे. वकीलकाका, माझ्या नकलेवर कोर्टाचा गोल शिक्का आहे, तेवढं पुरेल?

वकीलकाका

शिक्क्याबरोबर 'खरी नक्कल' असा शेरा आणि सही हवी. नसेल तर नव्याने अर्ज करा. आणि दोन्हीकडे अर्ज दिलात की तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.